प्रस्तावना : मधु दंडवते यांची लोकसभा

नगर जिल्ह्याने विधिमंडळाला आणि संसदेला दिलेल्या माणसांची यादी चांगली लांब आहे. कुंदनमल फिरोदिया १९४६ ते १९५२ या काळात मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. शेवगावचे बाळासाहेब भारदे १९६२ पासून दहा वर्षे महाराष्ट्र विधानसभेच्या अध्यक्षपदी होते. कोपरगावातून निवडून गेलेले अण्णासाहेब शिंदे हरितक्रांतीच्या ऐन धामधुमीत दिल्लीत शेतीखाते सांभाळत होते. संगमनेरचे कॉम्रेड दत्ता देशमुख यांनी पाणीप्रश्नाचा केलेला अभ्यास आजही आधाराला घेतला जातो. या नामावळीत प्राध्यापक मधु दंडवते यांचे नाव नगरकरांच्या तोंडी जरा उशिरा येते. त्यांचा जन्म नगर शहरातला, २१ जानेवारी १९२४ चा. पण नोकरी मुंबईत झाली आणि मतदारसंघ मिळाला तो कोकणात. नगरमधून ते कधीच लोकसभेवर गेले नाहीत. त्यामुळे जिल्ह्याच्या राजकीय आठवणींत त्यांना हक्काची जागा मिळाली नाही. ती मिळायला हवी, आणि ती जन्मदाखल्याच्या आधारे नको, त्यांच्या कामाच्या आधारे मिळावी, या हेतूने ही प्रस्तावना लिहितो आहे.

दंडवत्यांचे काम म्हणजे प्रामुख्याने त्यांचे संसदेतले बोलणे. हे वाक्य अनेकांना खटकेल. आपल्याकडे लोकप्रतिनिधीचे काम म्हणजे रस्ता, पूल, सभामंडप, बदली, शिफारसपत्र असे धरले जाते. सभागृहात कोण काय बोलले, याची चौकशी मतदार करीत नाही आणि उमेदवारही ते प्रचारात सांगत नाही. बोलणारा आणि काम करणारा अशा दोन जाती आपण मानल्या आहेत. दंडवते १९७१ ते १९९१ अशी सलग वीस वर्षे लोकसभेत होते. त्यांतली बहुतेक वर्षे विरोधी बाकांवर गेली. तिथे हाती निधी नव्हता, खाते नव्हते, फायलीवर सही करण्याचा अधिकार नव्हता. हाती होते फक्त नियमांचे पुस्तक आणि घड्याळाने मोजून दिलेली मिनिटे. पुढे दोनदा मंत्रिपद आले, तेव्हा विरोधात असताना धरलेल्या भूमिका त्यांना स्वतःलाच लागू कराव्या लागल्या. त्या कसोटीला ते बऱ्याच अंशी उतरले, आणि म्हणूनच त्यांच्या भाषणांना वजन आहे. त्यांची भाषणे वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवावी, एवढीच माझी विनंती आहे.

१९३०-४० च्या दशकांतले नगर राजकारणाने भारलेले होते. रावसाहेब आणि अच्युतराव हे पटवर्धन बंधू नगरचे. अच्युतराव १९३४ मध्ये स्थापन झालेल्या काँग्रेस समाजवादी पक्षाच्या संस्थापकांपैकी एक. १९४२ च्या ऑगस्टमध्ये नेहरू, पटेल, आझाद आणि काँग्रेस कार्यकारिणीचे इतर नेते पकडून नगरच्या भुईकोट किल्ल्यात आणून ठेवले गेले. देशाचे अवघे नेतृत्व आपल्या गावच्या किल्ल्यात कोंडलेले आहे, ही जाणीव त्या पिढीतल्या नगरच्या मुलांच्या मनात किती खोल गेली असेल! दंडवते तेव्हा अठरा वर्षांचे होते. ते छोडो भारत आंदोलनात उतरले आणि पुढे समाजवादी चळवळीचेच झाले. मुंबईत भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून ते डॉ. आंबेडकरांनी उभ्या केलेल्या सिद्धार्थ महाविद्यालयात शिकवू लागले आणि तिथे भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख झाले. १९५५ च्या गोवा सत्याग्रहात त्यांनी एका तुकडीचे नेतृत्व केले आणि पोर्तुगीज पोलिसांचा मार खाल्ला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ते होते. १९७० मध्ये विधान परिषदेवर गेले. इतका सगळा प्रवास झाल्यावर, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, ते लोकसभेच्या पायऱ्या चढले.

ज्या जागेवर ते निवडून आले, ती जागाच मोठी अवघड होती. राजापूर म्हणजे बॅरिस्टर नाथ पै यांचा मतदारसंघ. १९५७ पासून नाथ पै तिथून निवडून येत होते आणि १८ जानेवारी १९७१ रोजी, ऐन निवडणुकीच्या तोंडावर, बेळगावात त्यांचे निधन झाले. ज्यांच्या वक्तृत्वासाठी सारी लोकसभा कान देत असे, त्यांच्या मागून त्याच मतदारसंघाचे नाव सांगत उभे राहायचे होते. दंडवत्यांनी नाथ पैंची नक्कल केली नाही, हा त्यांचा पहिला शहाणपणा. नाथ पैंचे बोलणे भरतीच्या लाटेसारखे चढत जाई. दंडवत्यांचे बोलणे वर्गात शिकवणाऱ्याचे होते. आधी मुद्दा मांडायचा, मग पुरावा, मग निष्कर्ष, आणि मधे कुणी अडवले तर त्याला हसत एखादे मार्मिक उत्तर देऊन पुन्हा मुद्द्यावर यायचे. त्यांचा विनोद प्रसिद्ध होता आणि त्या विनोदाने कुणाला जखम होत नसे. सत्ताधारी बाकांवरही त्यांना मान होता, त्याचे एक कारण हे असावे.

दुसरे कारण तयारी. १९७१ च्या त्या लोकसभेत प्रजा समाजवादी पक्षाचे सदस्य होते फक्त दोन. पश्चिम बंगालमधल्या कांथीचे समर गुहा आणि राजापूरचे मधु दंडवते. चर्चेचा वेळ पक्षांच्या बळानुसार वाटला जातो. ज्यांचे सदस्य साडेतीनशे, त्यांना तास मिळतात. ज्यांचे दोन, त्यांच्या वाट्याला मिनिटे येतात आणि तीही दिवस मावळताना, सभागृह निम्मे रिकामे झाल्यावर. पुढे समाजवादी पक्ष एकत्र आले तरी हे गणित फार बदलले नाही. अशा माणसाला पाल्हाळ परवडत नाही. त्याला नियम तोंडपाठ लागतात, कारण बोलण्याची संधी त्याला नियमांतूनच शोधून काढावी लागते. सकाळी अकराचा प्रश्नोत्तराचा तास, त्यातला तारांकित प्रश्न आणि त्यावरचे पूरक प्रश्न, मग शून्य प्रहर, लक्षवेधी सूचना, स्थगन प्रस्ताव, अर्थसंकल्पी मागण्यांवरच्या कपात सूचना, शुक्रवारी दुपारची खाजगी विधेयके, हक्कभंगाची सूचना. वर्तमानपत्रांत हे शब्द आपण रोज वाचतो आणि ओलांडून पुढे जातो. विरोधी सदस्याच्या दृष्टीने ती कामाची हत्यारे आहेत. पूरक प्रश्न नेमका असेल तर मंत्र्याला उत्तर द्यावेच लागते, आणि एकदा दिलेले उत्तर नोंदीत कायमचे राहते. पुढे ते खोटे ठरले तर मंत्र्याला सभागृहाला तोंड द्यावे लागते. दंडवते हे सारे बारकाईने जाणत होते.

आणि मग ही सगळी हत्यारे एका फटक्यात काढून घेतली गेली.

जून १९७५ मध्ये दंडवते बंगळूरला होते. कारण पूर्णपणे संसदीय होते. पक्षांतराला आळा घालणारे बत्तिसाव्या घटनादुरुस्तीचे विधेयक १९७३ मध्ये मांडले गेले होते आणि ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे होते. त्या समितीच्या कामासाठी दंडवते, अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी, श्यामनंदन मिश्र ही मंडळी तिथे जमली होती. २६ जूनच्या सकाळी आणीबाणीची बातमी आली आणि पाठोपाठ अटक झाली. सरकारनेच आणलेल्या विधेयकावर काम करायला गेलेल्या खासदारांना सरकारने उचलले आणि तुरुंगात टाकले. दंडवते सुमारे दीड वर्ष बंगळूरच्या मध्यवर्ती कारागृहात होते. पत्नी प्रमिलाताई येरवड्यात होत्या. दोन तुरुंगांमधून या दांपत्याचा पत्रव्यवहार चालू राहिला.

त्याच वर्षी जुलैत लोकसभेचे अधिवेशन भरले, तेव्हा सरकारी कामकाज सोडून बाकी सारे थांबवण्याचा ठराव झाला. प्रश्न नाहीत, लक्षवेधी नाही, खाजगी सदस्यांचे कामकाज नाही. सदस्यांचे बोलणे छापायलाही सेन्सॉरची परवानगी लागू लागली. फिरोज गांधींनी खाजगी विधेयक आणून १९५६ मध्ये एक कायदा करून घेतला होता. संसदेतील कामकाजाचा खराखुरा वृत्तांत छापणाऱ्या वर्तमानपत्राला त्याने कायद्याचे संरक्षण मिळत होते. त्यांच्याच पत्नीच्या राजवटीत तो कायदा रद्द झाला. संसदेची इमारत उभी होती, बैठका भरत होत्या, घटनादुरुस्त्या दणादण मंजूर होत होत्या, लोकसभेने स्वतःची मुदतही वाढवून घेतली. प्रश्न विचारणारे तेवढे तिथे नव्हते.

इथे राजापूरच्या या दोन खासदारांची तुलना मनात येतेच. गोलकनाथ खटल्याचा निकाल १९६७ मध्ये लागला आणि मूलभूत हक्कांना हात लावण्याचा अधिकार संसदेला नाही असे ठरले. तेव्हा नाथ पैंनी तो अधिकार संसदेला परत मिळावा म्हणून घटनादुरुस्तीचे खाजगी विधेयक आणले होते. लोकांनी निवडलेल्या सभागृहावर त्यांचा केवढा विश्वास होता! दंडवत्यांच्या वाट्याला त्या विश्वासाची दुसरी बाजू आली. बहुमत हाती असलेले सभागृहच लोकांचे हक्क गुंडाळून ठेवू शकते, हे त्यांनी गजांआडून पाहिले. तरी ते संसदीय मार्गाला विटले नाहीत. १९७७ नंतर ज्या मंत्रिमंडळात ते होते, त्याने संसदीय वृत्तांतांना संरक्षण देणारा कायदा पुन्हा आणला. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने त्याला थेट राज्यघटनेत जागा दिली. आणीबाणी लादण्यासाठी लागणारे ‘अंतर्गत अशांतता’ हे सैल कारण काढून ‘सशस्त्र बंड’ हे कारण घातले, आणि जगण्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही अशी तरतूद केली. जनता सरकार आपसांतल्या भांडणांनी दोन-सव्वादोन वर्षांत कोसळले, त्याची नाचक्की सर्वांच्या वाट्याला आली, दंडवत्यांच्याही. पण ही एक घटनादुरुस्ती त्या सरकारच्या खात्यावर कायमची जमा आहे.

ज्या पक्षांतरबंदीसाठी ते बंगळूरला गेले होते, तो कायदा अखेर १९८५ मध्ये झाला, दहा वर्षांनी. त्यात एक-तृतीयांश फुटीची पळवाट राहिली आणि ती बुजवायला २००३ साल उजाडले. महाराष्ट्रातल्या अलीकडच्या फाटाफुटी पाहिल्यावर त्या समितीचे काम पुरे झाले असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मार्च १९७७ मध्ये दंडवते रेल्वेमंत्री झाले. मला वाटते, त्यांच्या सार्वजनिक जीवनाची खरी परीक्षा इथे सुरू होते. मे १९७४ च्या रेल्वे संपाच्या वेळी ते विरोधी बाकांवर होते. त्या संपात हजारो कामगारांना बडतर्फ केले गेले होते. मंत्री झाल्यावर त्यांनी त्या कामगारांना परत कामावर घेतले. रेल्वेत शिस्त राहणार नाही, अशी ओरड झाली. रेल्वे चालू राहिली.

दुसरी गोष्ट त्याहून साधी आणि म्हणून अधिक मोठी. १९७४ मध्ये रेल्वेने तिसरा वर्ग कागदोपत्री रद्द केला होता, म्हणजे त्याचे नाव दुसरा वर्ग केले होते. बाक लाकडीच राहिले. दंडवत्यांनी त्या लाकडी बर्थवर दोन इंच जाडीची गादी आणली. पहिल्या वर्गाचा थाट कमी करण्यात त्यांना रस नव्हता, दुसऱ्या वर्गाचा दर्जा वाढवायचा होता. आज शयनयान डब्यात पाठ टेकणाऱ्या कुणालाही ते लाकूड आठवत नाही, आणि ते आठवू नये इतके ते बदलून गेले आहे. २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई आणि हावडा यांच्यामध्ये गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली. लांब पल्ल्याची वेगवान गाडी, आणि तिला पहिला वर्गच नव्हता. समतेवर भाषण करणारे पुष्कळ असतात. गाडीच्या डब्यांच्या आराखड्यात समता उतरवायची तर खात्यातल्या अभियंत्यांशी आणि हिशेबनिसांशी रोज बसावे लागते. दंडवत्यांनी ते केले. भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाचा हा वकूब त्यांच्या समाजवादाला फार उपयोगी पडला.

कोकण रेल्वेचे श्रेय कुणाचे, यावर कोकणात अजून वाद रंगतात. मी त्यात पडणार नाही. कालक्रम तेवढा सांगतो. आपट्यापर्यंत आलेला लोहमार्ग रोह्यापर्यंत नेण्याचा निर्णय दंडवते रेल्वेमंत्री असताना झाला. तो मार्ग १९८६ मध्ये सुरू झाला. रोह्याच्या पुढे डोंगर, खाड्या, नद्या आणि ‘परवडत नाही’ हे सरकारी उत्तर. १९८९ च्या डिसेंबरात दंडवते अर्थमंत्री झाले आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले, केंद्राबरोबर महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा आणि केरळ यांनी भागभांडवल घातले, बाकीचे पैसे रोख्यांतून उभे करायचे ठरले आणि ई. श्रीधरन यांच्याकडे सूत्रे आली. २६ जानेवारी १९९८ रोजी रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा ७४१ किलोमीटरचा सारा मार्ग खुला झाला. आणि १९९१ च्या निवडणुकीत, महामंडळ स्थापन होऊन वर्ष झाले नव्हते तोच, राजापूरने दंडवत्यांना पराभूत केले. त्या पराभवाने मी आजही अस्वस्थ होतो. त्यांच्या मात्र कोकणावरच्या लोभात त्याने उणेपणा आला नाही.

त्यांची जन्मभूमी असलेला नगर जिल्हा रेल्वेच्या बाबतीत तसा तिष्ठतच राहिला. कल्याण-नगर मार्गाची मागणी आमच्या आजोबांच्या पिढीपासून चालू आहे. नगर-बीड-परळी मार्गाला १९९५ मध्ये मंजुरी मिळाली आणि नगरहून आष्टीपर्यंतची गाडी धावायला सप्टेंबर २०२२ उजाडले. एखाद्या मागणीचा वीस-वीस वर्षे सभागृहात पाठपुरावा करणारा माणूस मिळाला की काय होते आणि न मिळाला की काय होते, हे या दोन मार्गांवरून दिसते.

अर्थमंत्री म्हणून त्यांना अवघे अकरा महिने मिळाले. १९ मार्च १९९० रोजी त्यांनी एकुलता एक अर्थसंकल्प मांडला. त्यात सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द करण्याची घोषणा होती. १९६३ पासून या नियंत्रणाने गावोगावच्या सोनारांचे कंबरडे मोडले होते आणि चोरट्या आयातीला मात्र बरकत आली होती. आयुष्यभर समाजवाद मांडणाऱ्या माणसाने एक नियंत्रण निरुपयोगी ठरले असे पाहून ते उठवले. पोथीपेक्षा अनुभव मोठा मानण्याची ही तयारी मला त्यांच्या कर्जमाफीच्या निर्णयात मात्र तितकी दिसत नाही. शेतकरी आणि कारागीर यांची दहा हजार रुपयांपर्यंतची थकीत कर्जे माफ करण्याची योजना त्याच सरकारची. हेतूबद्दल शंका नाही. पण प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा करणाऱ्या, विठ्ठलराव विखे आणि धनंजयराव गाडगीळ यांच्याकडून पतपुरवठ्याची शिस्त शिकलेल्या जिल्ह्यात बसून मी लिहितो आहे. नियमित फेड करणारा कोरडा राहिला आणि थकबाकीदाराला सूट मिळाली, ही तक्रार इथल्या सोसायट्यांमध्ये तेव्हापासून ऐकू येते आणि ती खोटी नाही. दंडवते अर्थशास्त्र जाणत होते, म्हणून त्यांना हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

पुढे १९९६ ते १९९८ ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते. संसदेत मात्र परत आले नाहीत. १२ नोव्हेंबर २००५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देह जे.जे. रुग्णालयाला देण्यात आला.

आता ही भाषणे वाचायची कशी, याविषयी थोडे. संसदेतली भाषणे मुळात वाचण्यासाठी तयार केलेली नसतात. त्यांत मधेच कंसात ‘व्यत्यय’ येतो, अध्यक्ष घंटा वाजवतात, कुणी तरी मुद्दा भलतीकडे नेतो. नवख्या वाचकाला ते कंटाळवाणे वाटते. माझी सूचना अशी, की त्या व्यत्ययांवरून घाईने पुढे जाऊ नये. कोणत्या वाक्यावर समोरची बाजू उठून उभी राहिली, हे पाहावे. बहुतेक वेळा दुखरी जागा तिथेच असते. मग त्या प्रश्नावर मंत्र्याने काय उत्तर दिले ते शोधावे, आणि उत्तर टाळले असेल तर कसे टाळले तेही पाहावे. एकेका भाषणाकडे उतारा म्हणून पाहू नये. प्रश्न, उत्तर, पुढच्या अधिवेशनातली आठवण आणि काही वर्षांनी झालेला निर्णय अशी सलग साखळी लावली, तर संसद कशी काम करते हे एखाद्या पाठ्यपुस्तकापेक्षा चांगले कळते. कायद्याच्या आणि राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हा प्रयोग जरूर करावा.

हे वाचन आज अधिक गरजेचे झाले आहे. पहिल्या लोकसभेच्या ६७७ बैठका झाल्या होत्या. सतराव्या लोकसभेच्या पाच वर्षांत २७४ झाल्या. २०१८ च्या मार्चमध्ये साऱ्या खात्यांच्या मागण्या लोकसभेने चर्चेविना मंजूर केल्या, म्हणजे दंडवते ज्या कपात सूचनांवर रात्र रात्र तयारी करीत, त्या मांडायला जागाच उरली नाही. सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास नव्हता. डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ सदस्य निलंबित झाले. यात एका पक्षाला दोषी धरून बाकीच्यांना सोडण्याचे कारण नाही. गोंधळ घालून कामकाज बंद पाडण्याची सवय सर्वांनीच लावून घेतली आहे. दोन खासदारांच्या पक्षाचा माणूस सभागृहात टिकतो तो कामकाज चालले तरच. गोंधळात फायदा नेहमी ज्याच्याकडे बहुमत आहे त्याचा होतो, कारण त्याची विधेयके गोंधळातही मंजूर होतात. दंडवत्यांनी वीस वर्षे आपली जागा सोडली नाही आणि माइकसमोरची आपली मिनिटे वाया घालवली नाहीत, यामागे हे साधे शहाणपण होते.

लोकसभेच्या चर्चांचे जुने खंड आता संसदेच्या संकेतस्थळावर कुणालाही मोफत पाहता येतात. तुमच्या आजच्या खासदाराने कोणते प्रश्न विचारले आणि त्यांना काय उत्तरे मिळाली, तेही तिथेच आहे. दंडवत्यांची भाषणे वाचून झाली की तेवढे एकदा उघडून पाहा. आणि पुढच्या वेळी मत मागायला कुणी दारात आले, तर रस्त्याबरोबर त्याचीही चौकशी करा.